दुधाची रांग

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या आमच्या धावणाऱ्या मंडळींमध्ये एकच विषय सुरू होतो. गावी जायचं आहे, मग सराव कसा टिकवायचा? सल्ले भराभर येतात. बूट बॅगेत सगळ्यात आधी भरा. चटई नसली तरी सतरंजी चालते. घरातले उठायच्या आत बाहेर पडा, म्हणजे कोणाला त्रास नाही. सल्ले चुकीचे नसतात. पण ते देणारे बहुतेक पुरुष असतात, आणि ज्या घरातून ते 'सगळे उठायच्या आत' बाहेर पडतात त्या घरात त्यांच्याही आधी कोणीतरी उठलेलं असतं. दाराची कडी त्या माणसाने आवाज न करता काढून ठेवलेली असते. परतल्यावर आंघोळीचं पाणी तापलेलं मिळतं आणि मागे राहिलेलं काम झालेलं असतं. हे काही आपोआप होत नाही.

सातारला, माझ्या सासरी, हे माणूस म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. लग्न झाल्यापासून दिवाळीत माझं पळणं आणि योगासनं जी काही टिकली, त्याचं श्रेय लोक माझ्या चिकाटीला देतात. चिकाटी माझ्याकडे बेताचीच आहे. हिशेब मांडायचा तर वहिनींपासूनच सुरू करावा लागेल, आणि त्यात एका म्हाताऱ्या बाईंचं नावही घालावं लागेल.

आमचं घर समर्थ मंदिराच्या बाजूला. जुनं घर, पुढे ओटी, मधला मोठा सोपा, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. दिवाळीत सोप्यात गाद्यांना गाद्या लागतात. दिरांचं कुटुंब तिथलंच, आम्ही पुण्याचे, नणंद मुलांना घेऊन आलेली, एखादे चुलत सासरे. अंधारात त्या गाद्यांमधून वाट काढत दारापर्यंत जाणं हीच पहिली कसरत. कोणाच्या तरी हातावर पाय पडतोच, आणि "कोण ते?" असं झोपेत विचारलं जातं.

बाहेर पडायला कोणाची बंदी नव्हती, हेही सांगायला हवं. सासूबाई काही नाटकातल्या सासूबाई नव्हेत. त्यांची काळजी साधी होती: अंधार आहे, कुत्री आहेत, आणि लोक काय म्हणतील. यातली पहिली दोन खरी होती. तिसऱ्याचं म्हणाल तर लोक खरंच काही म्हणत असत. सुरुवातीच्या वर्षांत मी बोगद्याच्या दिशेने पळत निघाले की एखादा दूधवाला गाडी हळू करून विचारायचा, "काय झालं वहिनी? दवाखान्यात जायचंय का? बसा मागं, सोडतो." सलवार-कमीज घातलेली बाई पहाटे पळते आहे म्हणजे घरात कोणाचं तरी काही बरंवाईट झालं असणार, असा त्याचा सरळ अंदाज. त्यात चांगुलपणाच जास्त होता. पण ही बातमी दुपारपर्यंत घरी पोचायची आणि सासूबाईंना चार ठिकाणी खुलासा द्यावा लागायचा.

खरी अडचण कामाची होती. दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे भाजणी दळून आणायची, चकल्या, कडबोळी, अनारशाचं पीठ, करंज्यांचं सारण, शिवाय रोजची पंधरा-वीस पानं. पहाटेची वेळ ही त्यातली सगळ्यात मोलाची वेळ, कारण मुलं झोपलेली असतात आणि शेगडी मोकळी असते. त्या वेळी घरातली धाकटी सून बूट घालून बाहेर गेली की तिच्या वाटचं लाटणं दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातं. माझे यजमान त्याच दिवसांत संध्याकाळी शाहू स्टेडियमकडे मित्रांबरोबर दोन-दोन तास असायचे, तेव्हा हा हिशेब कोणी मांडला नाही. त्यांचं ते 'जरा पाय मोकळे करणं' होतं. माझ्या पळण्याला मात्र कारण लागायचं.

ते कारण वहिनींनी शोधून दिलं. पहिल्याच दिवाळीत मी दाराशी बूट हातात घेऊन घुटमळत होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून आल्या आणि माझ्या हातात कापडी पिशवी ठेवली. हळूच म्हणाल्या, "येताना दोन लिटर दूध आण. आणि मिळाला तर झेंडू."

झालं. पळण्याला घरात प्रतिष्ठा मिळाली. मी पळायला जात नव्हते, दुधाला जात होते. जाताना पिशवी कमरेला बांधायची, समर्थ मंदिरापासून वर चढायचं, घाटात जमेल तेवढं जायचं, उतरताना मोती चौकाकडून फुलं आणि दूध घ्यायचं आणि शेवटचा टप्पा चालत, दूध हिंदकळणार नाही अशा बेताने. झेंडूचा भाव करत उभी असले की घाम मानेवरून पाठीत उतरायचा आणि फुलवाली चमत्कारिक नजरेने बघायची.

सासूबाईंनी एकदा विचारलंच, "दुधाला तासभर लागतो?"

वहिनी चकलीच्या सोऱ्यावर वाकलेल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "रांग असते."

आतल्या खोलीतून, जिथे सगळ्यांना वाटत होतं की आजी झोपल्या आहेत, तिथून आवाज आला, "रांगेत एवढा घाम येतो व्हय?"

या आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. कानाने तयार, डोळ्यांनी अधू. त्यांचं माहेर औंधचं. त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी विचारलं, "नुसती पळतीस, का नमस्कारबी घालतीस?"

औंध म्हणजे सातारा जिल्ह्यातलंच, खटाव तालुक्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्काराचं वेड होतं. ते स्वतः रोज नमस्कार घालत, राणीसाहेबांनाही त्यांनी ते शिकवले होते आणि संस्थानातल्या शाळांमध्ये मुलामुलींना ते सक्तीचे केले होते. 1938 मध्ये त्यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. मराठी वाचकाला भवानराव आठवतात ते चित्रकार आणि संग्राहक म्हणून, किंवा प्रजेच्या हाती कारभार देणारा राजा म्हणून. औंधचं वस्तुसंग्रहालय पाहायला सहली जातात. पण त्या राज्यात शाळा शिकलेल्या एका मुलीच्या अंगात ते नमस्कार साठ वर्षं कसे मुरून राहिले, हे मी आमच्या आतल्या खोलीत पाहिलं.

आजींनी ट्रंकेतून जुन्या लुगड्याचा चौकोनी तुकडा काढायला लावला. तो जमिनीवर पसरला. मग पलंगावर बसून काठीच्या टोकाने दाखवायला लागल्या. पायाचे अंगठे या कडेला. तळवे त्या कडेला. कपाळ टेकेल ते इथं, मधे. एकदा तळवे टेकले की नमस्कार पुरा होईपर्यंत ते हलवायचे नाहीत. मी पुण्याच्या पद्धतीने घालून दाखवला तर काठी गुडघ्याला लागली. "हात सरकला." पुन्हा घातला. "श्वास कुठं गेला तुझा? तोंडानं घेतीस." माझ्या पायाला घाटाची सवय होती, पण त्या फडक्याच्या चौकटीत डझनभर नमस्कार घालताना माझी पार दमछाक झाली. शाळेत किती घालायचात, असं विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या.

मग त्यांनी सासूबाईंना हाक मारली. सासूबाई पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या. आजी म्हणाल्या, "आमच्या राजानं पोरींना नमस्कार घालायला लावलं, तवा कुणाच्या बाची चूल इझली नाही. हिला जाऊ दे."

पुढे त्या घरात माझ्या पळण्यावर चर्चा झाली नाही. दुधाची पिशवी मात्र मी नेतच राहिले. फुकट कारण कशाला सोडा?

आजींनी परवानगी दिली, पण परवानगीने चकल्या होत नाहीत. तो भाग वहिनींनी उचलला, आणि उचलताना कधी बोलून दाखवलं नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला काळ गेला. मी परत यायची तेव्हा माझ्या वाटणीच्या करंज्या भरलेल्या असायच्या. त्यांची कड माझ्यासारखी वेडीवाकडी कातलेली असायची, म्हणजे कोणाला शंका नको. हे मी एकदा ताटात नीट बघितलं तेव्हा कळलं. वहिनींच्या करंजीची कड मोजून मुरडलेली असते. त्या ओळीत एकाएकी गबाळ्या करंज्या म्हणजे त्या 'माझ्या'.

नरक चतुर्दशीचा पेच सगळ्यात मोठा होता. त्या दिवशी सूर्योदयाच्या आत अभ्यंगस्नान व्हायला हवं. साडेचारपासून न्हाणीपुढे रांग, तेलाची वाटी, उटणं, अंगठ्याखाली फोडायला कारीट. आंघोळ झाल्यावर पळायला गेलं तर नवी साडी आणि स्नान दोन्ही वाया. आधी गेलं तर रांगेतला नंबर जातो, आणि उजाडल्यावर न्हाणारा नरकात जातो असं मुलांना सांगून ठेवलेलं. त्या दिवशी मी सुट्टी घेत असे. एके वर्षी आमचे सासरे, आप्पा, मधे पडले. आप्पा आयुष्यभर शाळामास्तर, आणि निवृत्तीनंतर आयुर्वेदाच्या नादी लागलेले. त्यांनी वाग्भटाचं अष्टांगहृदय काढलं आणि दिनचर्येच्या अध्यायावर बोट ठेवलं. त्यात क्रम असा आहे: आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन म्हणजे उटणं, आणि मग स्नान. "तेव्हा तेल लावून पळायला जाणं हेच शास्त्राला धरून आहे," आप्पांनी निकाल दिला. "मात्र निम्म्या ताकदीनंच. तेही लिहिलंय."

त्या पहाटे सासूबाईंनी स्वतः माझ्या डोक्यावर तेल थापलं. जुना पंजाबी ड्रेस घालून, केसांचा तेलकट बुचडा बांधून, चेहरा दिव्यात चमकत असताना मी साताऱ्याच्या रस्त्यावरून पळाले. सगळीकडे अंगणात सडे पडत होते, पहिले फटाके वाजत होते आणि कुत्री गाड्यांखाली दडून बसली होती. कुत्र्यांचा त्रास नाही अशी वर्षातली ती एकच पहाट. घाटात न जाता राजवाड्यापर्यंत जाऊन मी परत आले, उटणं लावलं, कारीट फोडलं आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत न्हाऊन मोकळी झाले. तेव्हापासून आमच्याकडे ती रीतच पडली आहे. आता भाचे आणि पुतणेही तेल चोपडून येतात. त्यांच्यातले निम्मे मोती चौकाच्या पुढे पळत नाहीत.

इथे थोडं शास्त्राबद्दल सांगते, कारण त्याने माझं ओझं आणि पर्यायाने वहिनींचंही ओझं हलकं केलं. सुट्टीत सराव बुडाला तर सगळं गमावलं, अशी धास्ती नव्या धावकाला असते. मलाही होती, म्हणून मी रोज बाहेर पडू पाहायची. पुढे रॉबर्ट हिक्सन यांचे प्रयोग वाचनात आले. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात त्यांनी काही तरुणांना दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज 40 मिनिटं कसून व्यायाम करायला लावला. मग काहींचे दिवस कमी करून चार किंवा दोनच ठेवले. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरायची क्षमता टिकून होती. हे 1981 साली छापून आलं. नंतर त्यांनी वेळ कमी करून पाहिला, तरी ती टिकली. जोर कमी केला तेव्हा मात्र घसरली. म्हणजे दिवस कमी चालतात, वेळ कमी चालतो, चढ मात्र सोडायचा नाही.

चढाला सातारला काय तोटा! एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचा घाट. मी वहिनींशी उघड तह केला. दिवाळीच्या आठवड्यात दोनच दिवस घाट, तेही त्यांनी सांगितलेले. वसुबारसेला नाही, कारण त्या दिवशी त्यांचा उपास असतो आणि त्यांना पहाटे झोप हवी असते. लक्ष्मीपूजनाला तर नाहीच. बाकीच्या दिवशी आजींच्या फडक्याच्या मापाने नमस्कार, घरातच, वीस मिनिटं.

घाटाचे ते दोन दिवस मी वर्षभर मनात धरून ठेवते. कार्तिकातली थंडी सुरू झालेली असते. पहिल्या वळणाला पोटऱ्या कुरकुरतात, दुसऱ्या-तिसऱ्याला श्वास बसतो, आणि मग एका वळणावर मागे बघितलं की खाली शहराचे दिवे आणि पलीकडे अजिंक्यताऱ्याचा काळा डोंगर, माथ्यावर मनोऱ्याचा लाल दिवा. मनातल्या मनात मी त्या किल्ल्याला नेहमी म्हणते, उद्या तुझ्याकडे. जाते क्वचितच. अदालत वाड्याच्या बाजूने चढणारी वाट पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी भरलेली असते. मंगळाई देवीचं दर्शन घेऊन उतरणारे ऐंशीच्या घरातले आजोबा मला मागे टाकून जातात, हा अपमान सणासुदीला कशाला?

2012 मध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. याच घाटाने वर आणि याच घाटाने खाली, 21 किलोमीटर. त्या स्पर्धेने बाकी काय केलं ते केलं, माझ्यासारख्या बायकांवर मोठाच उपकार केला. दोन-तीन वर्षांत गावाच्या नजरेला सवय झाली. दूधवाल्यांनी दवाखान्याचं विचारणं सोडलं. आता ते विचारतात, "यंदा नाव दिलं होतं का?" घाटात पहाटे मुली दिसतात, साडीवर बूट घालून झपाझप चालणाऱ्या बायका दिसतात. सासूबाईंना आता खुलासा द्यावा लागत नाही. उलट शेजारणींना त्याच ऐकवतात की आमची धाकटी तर केव्हापासून पळते.

योगासनांची गोष्ट वेगळी. पळायला निदान रस्ता रिकामा मिळतो. आसनाला घरात जागा लागते, आणि दिवाळीच्या घरात मोकळी जमीन सापडणं कठीण. पुण्यात मी ज्या बाईंकडे शिकते त्या अय्यंगारांच्या परंपरेतल्या. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले ते पुण्याचेच झाले. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, दोर, लोड यांच्या आधाराने म्हाताऱ्या आणि आजारी माणसालाही आसन करता यावं, ही त्यांची मोठी देणगी. आमच्या बाई म्हणतात की वर्गातली साधनं ही मुळात घरातलीच आहेत, घरी गेल्यावर ओळखा. सासरी मी ओळखत गेले. लोड पाठीखाली. ओढणी पट्ट्याच्या जागी. जेवायचा पाट बैठकीखाली. आणि सगळ्यात उपयोगी भिंत. दिवसभर तळणापुढे उभं राहिल्यावर भिंतीला पाय लावून पाठीवर पडायचं, विपरीत करणी, दहा मिनिटं. पायात उतरलेला सगळा ठणका ओसरतो.

मी सोप्यात अशी पडले की पोरांना पर्वणीच. काकू उलटी झाली म्हणत सगळी पोरं शेजारी ओळीने भिंतीला पाय लावून पडायची. एका वर्षी दिवाळीला घराला नवा रंग दिला होता. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा पिस्ता रंगाच्या भिंतीवर तेलकट पावलांची रांगच उमटलेली दिसली, मापाप्रमाणे लहानमोठी. पाहुणे यायला अर्धा तास होता. वहिनींनी एकदा पावलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खिळा-हातोडी घेऊन आल्या. खुंटीवरचं कालनिर्णय काढून त्यांनी ते गुडघ्याच्या उंचीवर ठोकलं. उरलेल्या पावलांपुढे दोन खुर्च्या सरकवल्या. आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने वाकून तिथी बघितली आणि काही न बोलता खुर्चीवर बसला. त्या भिंतीला पुन्हा रंग लागेपर्यंत आमच्याकडे तिथी वाकूनच बघावी लागायची.

भाऊबीजेला मी माहेरी, सांगलीला जाते. तिथली तऱ्हा उलटी. तिथे काम काहीच नसतं, पण बाहेर पडायला मिळत नाही ते लाडापायी. आई म्हणते, "दमून आलीयस, झोप." मी आयर्विन पुलापर्यंत जाऊन येते म्हटलं की ती पांघरूण अंगावर ओढते आणि चहा अंथरुणात आणून देते. त्या चहापुढे कुठलाच निश्चय टिकत नाही. सासरचं काम परवडलं, असं मी गमतीने म्हणते. तिथे निदान पिशवी हातात देणारं कोणी आहे.

एक गोष्ट मात्र मला चीड आणते. फराळाच्या ताटाशी कोणीतरी हमखास म्हणतं, "खा खा, तुला काय, उद्या पळून जिरवशील." जणू करंजी हा गुन्हा आणि घाट ही शिक्षा. 60 किलोच्या बाईला एक किलोमीटर पळायला साधारण 60 कॅलरी लागतात. या हिशेबाने दिवाळी जिरवायला निघालं तर कासच्याही पुढे जावं लागेल. मी फराळ खाते कारण तो वहिनींनी केलेला असतो, आणि पळते कारण मला पळायला आवडतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

आता परतफेडीचं. माझ्या पिढीच्या बायकांना एक खोड असते. आपल्याला जे आवडलं ते समोरच्या बाईलाही मिळवून देऊन तिचा उद्धार करायचा. मलाही ती सुरसुरी आली. पुण्याहून येताना वहिनींसाठी बूट आणले, चांगले, त्यांच्या मापाचे. त्यांनी ते घालून पाहिले, सोप्यात दोन फेऱ्या मारल्या, म्हणाल्या, "मऊ आहेत." मग पुसून खोक्यात ठेवले. पुढच्या दिवाळीला ते नणंदेच्या मुलीच्या पायात होते. मी विचारलं तेव्हा वहिनी सरळ म्हणाल्या, "मला नाही गं आवडत पळायला. पहाटे उठते ती काही हौसेनं नाही. कोणी उठू नको म्हणालं तर मी झोपेन."

मग काय आवडतं? हा प्रश्न इतक्या वर्षांत मी विचारला नव्हता, आणि घरात इतर कोणीही विचारला नसावा. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "दिवाळी अंक."

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाइतकाच तो सणाचा भाग आहे. आमच्याकडेही दरवर्षी चार-पाच अंक येतात. पुरुष मंडळी दुपारी लोळत वाचतात, वाचता वाचता झोपतात, अंक छातीवर. बायकांच्या हाती ते लागतात तुळशीच्या लग्नानंतर, पानांना चिवड्याचं तेल लागलेलं असताना. वहिनी लग्नाआधी वाचनालयातून रोज पुस्तक बदलून आणणाऱ्या. त्यांना हवी होती दुपारची वेळ, दार लावलेली खोली आणि कोरा अंक. दोन ते चार. मधे कोणी हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी नाही, गॅस संपला तरी नाही.

एवढंच? मला वाटलं हे तर सोपं आहे. मुळीच सोपं नव्हतं. पहाटे मी नसले तर घर झोपलेलं असतं. दुपारी वहिनी नसल्या तर सगळं घर जागं असतं आणि प्रत्येकाला त्याच हव्या असतात. चिवड्याचा डबा कुठला, साखरेची बरणी कोणती, मुलाचं टोपडं कुठे ठेवलंय, आप्पांची गोळी कोणती, सगळी उत्तरं एका बाईकडे. पहिल्या दुपारी मी आतल्या खोलीच्या दाराबाहेर अक्षरशः पाट टाकून बसले. दीर आले, "तुझ्या वहिनी कुठे?" मी म्हटलं, "कामात आहेत." "कसलं काम?" मी सांगितलं, "रांगेत आहेत, दुधाच्या." ते चक्रावून निघून गेले. आतून हसण्याचा आवाज आला. ती आजींचीच खोली. आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या असत्या तर आतूनच उत्तर मिळालं असतं.

तिसऱ्या दुपारपर्यंत सोपं झालं. नणंदेला चहा करता येतो हे सिद्ध झालं. दिरांना चिवड्याचा डबा सापडला. माझ्या यजमानांनी वीस माणसांची भांडी घासली, आणि ते त्या दिवसापासून सांगत सुटले आहेत, पण घासतात अजून. सासूबाई दुसऱ्या दिवशी कुरकुरल्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं की एखादा अंक मोठ्या अक्षरांत मिळतो का.

हा व्यवहार आता आमच्यात पक्का आहे. पहाटेची वेळ माझी, दुपारची वहिनींची. माझी पहाट गेली तरी त्यांची दुपार जात नाही, ही अट मी माझ्याकडून घातली आहे, कारण मागची बाकी मोठी आहे. पुण्याहून निघताना बुटांच्या शेजारी मी अंक भरते, न उघडलेले. कोणता आणायचा ते त्या ऑगस्टमध्येच फोनवर सांगतात. वाचून झालं की मतंही कडक असतात. गेल्या वर्षीची एक नामांकित कथा त्यांनी चार शब्दांत निकालात काढली: "बाईला काम दाखवलंच नाही."

यंदा तुमच्या घरी कोणी बूट घेऊन दिवाळीला येणार असेल, सून, लेक, जावई, कोणीही, तर दाराची किल्ली कुठे असते ते त्याला आदल्या रात्रीच दाखवून ठेवा. आणि त्याच्याही आधी उठून जी चहाचं आधण ठेवते तिला विचारा की तिला कोणती वेळ हवी आहे. ती सांगेल त्या वेळेत तिला हाक मारू नका. साखरेची बरणी डाव्या फळीवर असते.